खाजाभाई मुलाण्याचं आवतण

खर्ड्याचा किल्ला पाठीवर टाकून ओढ्याच्या काठाकाठानं खाली उतरलं की कुसळवाडी लागायची. गाव एवढंसं. कुत्रं एका टोकाला भुंकलं की दुसऱ्या टोकाचं जागं व्हायचं. पण त्या गावात खाजाभाई मुलाणी राहायचा, आणि त्याच्या नुसत्या आवतणावर मुंबईचा साहेब तिथं येऊन अनवाणी पायांनी उभा राहिला होता. आज सांगायला गेलं तर ऐकणारा म्हणतो, "आजोबा, जरा कमी करून सांगा." आता कमी काय करायचं? घडलं ते घडलं.

तर हा खाजाभाई. अंगानं काटकुळा, दाढी मेंदीनं लाल केलेली, डोक्याला पटका आणि खांद्याला सुऱ्यांची पिशवी. गावचा मुलाणी म्हणजे बलुतेदार. आसपासच्या वाड्यांत कुणाचा नवस फिटो, जत्रा भरो, पिराची कंदुरी असो, बोकड कापायला खाजाभाईच लागायचा. हिंदूंच्या घरचं असो की मुसलमानांच्या, त्याच्या तोंडून बिस्मिल्लाचे दोन शब्द पडल्याशिवाय हंडा चुलीवर चढत नसे. त्याच्या बदल्यात सुगीला प्रत्येकाच्या खळ्यावर जायचं आणि सुपात आपला वाटा घ्यायचा. तीच घरची वर्षाची भाकर.

मग लढाई लागली आणि लढाईच्या मागून लेव्ही आली. शहरातल्या लोकांना रेशन द्यायचं, म्हणून खेड्यातून जोंधळा उचलायचा. त्यालाही कुणाची ना नव्हती. शहरात काय माणसं राहत नाहीत? पण जामखेडकडची ती कोरडवाहू रानं. पाऊस आला तर आला. वरून हुकूम असा, की अमक्या जमिनीला तमका जोंधळा. कारकून रास मापायच्या वेळीच खळ्यावर हजर व्हायचा आणि सरकारचं आधी उचलायचा. मागं उरायचं त्यात शेतकऱ्यानं आपली पोरं जगवायची का बलुतेदारांची? सुतार, लोहार, न्हावी, महारवाड्यातली माणसं, धान्याच्या बोलीवर काढणीला आलेल्या बायका, सगळे रिकाम्या हातानं परतायला लागले. शेतकरी त्यांची नजर चुकवायचा आणि ते शेतकऱ्याची.

पहिल्या साली खाजाभाई असाच रिकामं सूप घेऊन घरी आला, तर बिस्मिल्लाबी दारातच उभी.

"काय, वाटंतच पाखडून झालं का समदं?"

"सरकारनं नेलं," खाजाभाई म्हणाला.

"मग सरकारला सांगा की, जेवायला तुमच्याकडं येतो म्हनून."

बायकोचा टोमणा खाजाभाईला लागला. पण माणूस असा, की लागलेल्या टोमण्याचासुद्धा उपयोग करायचा. त्यानं त्याच दिवशी मनाशी ठरवलं, सांगायचं. सरकारलाच सांगायचं.

आता सांगायचं तर चार गावं एक व्हायला पाहिजेत. सभा घ्यावी तर दवंडी द्यावी लागते, आणि दवंडी दिली की पोलीसपाटील विचारतो, कशाची सभा, कुणी बोलावली? खाजाभाईनं निराळाच मार्ग काढला. कंदुरीला लोक आपणहून येतात. बोकड कापून झाला, हंडा चुलीवर चढला, की मग दोन घटका कुणाला काही काम नसतं. वास सुटलेला असतो, पोटात भूक पेटलेली असते आणि माणूस जागचा हलत नाही. तेवढ्यात खाजाभाई सुऱ्या पुसत पुसत विषय काढायचा. एकदा एक जण कंटाळून उठायला लागला, तर खाजाभाई म्हणाला, "जा की. तुझा वाटा मी खातो." तो परत बसला. असं करत करत खर्ड्यापासून पार सीनेच्या काठापर्यंत, जिथं जिथं मटण शिजलं तिथं तिथं लेव्हीची गोष्ट शिजली.

पंगती त्या काळी वेगळ्या बसायच्या. महारवाड्यातली माणसं लिंबाच्या पलीकडं बसायची. खाजाभाई अलीकडं बोलून झालं की पलीकडं जाऊन बसायचा. तिथं त्याला भिमाजी भेटला. भिमाजी पलटणीत जाऊन आलेला. ताठ बसायचा आणि शब्द मोजून टाकायचा. खाजाभाईनं आपलं रोजचं पुराण लावलं, "आमचं बलुतं आमाला मिळालं पायजे."

भिमाजी म्हणाला, "बलुतं म्हनू नगा, खाजाभाई."

"मग काय म्हनू?"

"मजुरी म्हना. बलुतं म्हंजी त्यांनी वरून टाकायचं आन आमी खालून झेलायचं. मला ते मिळालं तरी नको हाय. येशीपाशी रातभर जागतो कोन? जनावर मेलं तर वढतो कोन? सुतारानं तिफन फुकट भरली का? समद्यांनी काम केलंय. पीक उभं करायला जी मजुरी लागली, ती राशीतनं आधी वजा करा, आन मग सरकारनं आपलं न्यावं. एवढंच मागायचं."

 खाजाभाई मांडीवर थाप मारून म्हणाला, "आरं बाबा, हे तू आधी बोलला असतास, तर मी तीन गावची कंदुरी नुसत्या रडगान्यावर घालवली नसती!"

त्या दिवसापासून मागणी ठरली. आधी मजुरी, मग लेव्ही. पुढच्याच कंदुरीला ठराव झाला, अर्ज झाले. जामखेडला दिले, नगरला दिले. कचेरीत "ठेवून जा" म्हणाले, हे ठेवून आले. पुन्हा गेले, पुन्हा ठेवून आले. नगरच्या कचेरीच्या पायरीवर बसून भिमाजी म्हणाला, "आपल्या अर्जांवर आता उंदरांचं घर झालं असंल." खाजाभाई मात्र शिपायाकडं बघत होता. शिपाई तक्रारवाल्यांना उभं ठेवत होता, आणि एका सावकाराच्या पोराच्या लग्नाचं आवतण घेऊन आलेल्या गड्याला मात्र "या, बसा" म्हणाला होता.

"भिमाजी," खाजाभाई म्हणाला, "तक्रार घिऊन गेलेल्याला सायेब हुबा ठिवतो. आवतन घिऊन गेलेल्याला बस म्हनतो. आपन आवतन द्यायचं."

लढाई संपली, तरी लेव्ही संपली नव्हती. पुढच्या फाल्गुनात बातमी आली, की धान्याच्या खात्याचे मोठे साहेब मुंबईहून जिल्ह्याच्या दौऱ्यावर येणार. खाजाभाईचे निरोप सुटले. ते कसे गेले, कुणाबरोबर गेले, ते सगळं त्यालाही नीट सांगता आलं नसतं. बैलगाडीवाल्यानं बांगडीवाल्याला सांगितलं, बांगडीवाल्यानं मेंढक्याला.

साहेबांची मोटार पुण्याहून निघून सुप्याला पाणी घ्यायला थांबली. तिथं नूरमहंमद तांबोळी पुढं झाला, विड्याच्या पानावर एक अख्खी सुपारी ठेवली आणि म्हणाला, "सायेब, सुगी हाय. कुसळवाडीच्या खळ्यावर यायचं." साहेबांनी हसून सुपारी खिशात टाकली. नगरच्या बंगल्याच्या फाटकाशी भाजीवाल्या बायकांनी सुपारी दिली, "कुसळवाडीच्या खळ्यावर यायचं." साहेब नेवाशाला गेले, तर प्रवरेच्या घाटावर कपडे धुणारा परीट हात पुसत वर आला आणि कमरेची सुपारी काढली. कुणी रडलं नाही, कुणी घोषणा दिली नाही. सगळीकडं तेच पान, तीच सुपारी, तेच वाक्य. शेवटी साहेबांनी दोन्ही खिशांतल्या सुपाऱ्या टेबलावर ओतल्या आणि विचारलं, "अहो, ही कुसळवाडी आहे तरी कुठं?"

कुसळवाडीत निरोप आला, साहेब परवा येताहेत. खाजाभाईला त्या दिवशी भाकर गोड लागेना. आनंदानं हो.

खळं ठरलं कानिफनाथाचं. कानिफनाथ गावातला मानी शेतकरी. मिशा अशा, की आधी मिशा कोपऱ्यावर दिसायच्या आणि मग माणूस. खाजाभाई आणि तो बरोबरच शेळ्या राखत वाढलेले. त्या साली पीक बसलेलं होतं. कानिफनाथाची रास गुडघ्याएवढी आणि इतरांची त्याहून खाली. खाजाभाई त्याला बजावून आला, "कानिफा, जसं हाय तसं दावायचं. आपल्याला कायबी बोलावं लागनार न्हाई. रासच बोलंल. सायबासमोर आधी मजुरी वाटायची आन मग उरलेलं सायबानं बघायचं."

"तू कशाला काळजी करतोस," कानिफनाथ मिशीवर हात फिरवत म्हणाला. "गावाची मान खाली जाऊ देनार न्हाई मी."

हे वाक्य खाजाभाईनं तिथंच जरा उलटून बघायला पाहिजे होतं. पण तो साहेबाला सामोरा जायला खर्ड्याच्या रस्त्याला गेला. रात्री तिकडंच राहिला आणि सकाळी साहेबांना घेऊन निघाला. मोटार ओढ्याशी अडकली, तर साहेब चालत निघाले. मागं लेव्हीचा कारकून. साहेब माणूस बरा होता. वाटेत पिकाचं विचारलं, पाण्याचं विचारलं. खाजाभाई हरखून सांगत होता, "सायेब, रास बगा म्हंजी कळंल. गुडघ्याएवढी हाय."

बांध ओलांडून खळं दिसलं आणि खाजाभाईचे पाय जागच्या जागी रुतले.

खळ्यात तिवड्याच्या खांबाशी जोंधळ्याची रास उभी होती, पुरुषभर उंच! उन्हात मोत्यासारखी चमकत होती. वर झेंडूचा हार. भोवती सगळं गाव नवे पटके बांधून उभं. पंचक्रोशीतल्या वाड्यांची माणसं बांधावर दाटलेली. आणि पुढं कानिफनाथ, छाती काढून, जणू लेकीचं लग्न आहे.

भिमाजी हळूच खाजाभाईच्या कानाशी आला. "घरोघर फिरला रातच्याला. सायेब येतोय, गावाची लाज हाय म्हनला. ज्याच्या कनगीत जे हुतं ते लोकांनी आनून टाकलं. छबूबाईनं तर पेरायचा जोंधळा दिला."

"आन तू गप बसलास?"

"मी महारवाड्यातला मानूस, पाटलाच्या आळीत जाऊन कुनाची कनगी धरू?" भिमाजी म्हणाला. "तुमी असायला पायजे हुता."

इकडं कारकुनाचे डोळे लकाकले. "बघितलंत साहेब? हे म्हणे उपाशी!" साहेबांनी खाजाभाईकडं बघितलं. वाटेतलं हसू गेलं होतं.

आता खाजाभाईची अवस्था बघा. गप्प बसावं, तर ही रास बघून साहेब जाणार आणि लेव्ही होती त्याहून चढणार. सगळ्या गावांची माती होणार. आणि बोलावं, तर बाहेरच्या माणसांसमोर, पंचक्रोशीसमोर कानिफनाथ खोटा ठरणार. लहानपणी याच कानिफानं त्याला ओढ्याच्या पुरातून पटक्यानं ओढून काढलं होतं. त्याच्या पटक्याला आपण हात घालायचा?

कानिफनाथ पुढं झाला. "सायेब, खळ्यात पायतान चालत न्हाई." साहेबांनी बूट काढले, मोजे काढले. कारकुनालाही काढावे लागले. आणि खळ्यात माप सुरू झालं की मापणाऱ्याशिवाय कुणी शब्द बोलायचा नाही, हा त्या मुलखाचा रिवाज. पोरगं रडलं तर आईनं त्याला घेऊन लांब जायचं. नारळ फुटला. सगळीकडं चिडीचूप. कानिफनाथानं पायली राशीत खुपसली, भरून वर काढली आणि पहिल्या मापाला कुणी एक म्हणत नाही म्हणून खणखणीत आवाजात म्हणाला, "लाभ!"

पहिला वाटा मुलाण्याचा, असं ठरलेलं. खाजाभाईनं सूप पुढं केलं. कानिफनाथानं शीग लावून पायली ओतली. जोंधळा सुपात पडला. खाजाभाईनं त्या दाण्यांकडं बघितलं. त्यात कुठले कानिफाचे आणि कुठले छबूबाईच्या बियाण्याचे, काय कळणार? त्यानं सूप उचललं आणि हळूच परत राशीवर उपडं केलं.

बांधावर कुजबुज उठली आणि विझली. कानिफनाथाचे डोळे लाल झाले. खाजाभाई त्याच्याकडं बघत नुसता उभा राहिला. बोलायची मनाई होती, आणि ती मोडायची त्याची छाती नव्हती. हात तेवढे त्यानं जोडले.



मग बायकांच्या घोळक्यातून छबूबाई निघाली. विधवा बाई, कानिफनाथाची चुलतबहीण, साऱ्या जन्मात चार पुरुषांसमोर कधी तोंड उघडलं नसेल. डोक्यावरचा पदर नीट केला, बगलेतली पाटी काढली आणि अनवाणी चालत खळ्याच्या मधोमध आली. राशीपुढं पाटी ठेवली. रिवाज तिनंच मोडला.

"दादा," ती म्हणाली, "माझं बियानं द्या. हस्ताला काय पेरू?"

 एवढ्या कंदुऱ्या, एवढी भाषणं, एवढ्या सुपाऱ्या, आणि काम केलं ते या बाईच्या पाटीनं. खाजाभाई आयुष्यभर सांगायचा, की पीर-औलियांच्या गोष्टी मी लई ऐकल्या, पण करामत म्हणून काय ती डोळ्यांनी बघितली ती त्या दिवशी.

कानिफनाथानं त्या पाटीकडं बघितलं. मिशा थरथरत होत्या. मग तो वाकला, पायली भरली आणि छबूबाईच्या पाटीत ओतली. पुन्हा भरली, पुन्हा ओतली. पाटी भरल्यावर स्वतःच्या हातानं तिच्या डोक्यावर चढवून दिली. आणि ताठ होऊन गावाकडं वळला. त्याचा आवाज फाटला होता, पण ओरडला तो लेझमीतल्या म्होरक्यासारखा.

"पुंजाराम! तुझी पाटी आन! गोरक्षा, तुझं पोतं! ज्यानं ज्यानं माझ्या शब्दाखातर टाकलंय, त्यानं यावं!"

माणसं येऊ लागली. कुणाची पाटी, कुणाचं गाठोडं, कुणाची नुसती ओंजळ. कानिफनाथ नाव घेऊन घेऊन मापत होता, आणि नाव घेताना प्रत्येकाला असा मान देत होता, की जणू घेणारा तो आणि देणगीदार ते. ती पुरुषभर रास छातीला आली, कमरेला आली. हार घसरून खाली पडला.  साहेब कधी उकिडवे बसले, ते कुणालाच कळलं नाही. रास गुडघ्याला येऊन थांबली.

"आता ही माझी," कानिफनाथ म्हणाला. "खाजाभाई, सूप आन."

या खेपेला खाजाभाईनं वाटा घेतला. मग सुतार आला, लोहार आला, काढणीच्या बायका आल्या. भिमाजी आला तेव्हा त्यानं वरून टाकलेलं झेलायला घोंगडं पसरलं नाही, स्वतःचं पोतं उघडून उभा राहिला आणि साहेबांना ऐकू जाईल असं म्हणाला, "मजुरी." कानिफनाथ क्षणभर थबकला. "व्हय, मजुरी," म्हणाला, आणि पायली ओतली. शेवटी खळ्यात जे उरलं, ते कोंबड्यांनी उकरल्यासारखं दिसत होतं. कारकून आपल्या पायांकडं बघत होता. सरकारला द्यायचा आकडा त्या उरलेल्याहून मोठा होता.

साहेबांनी विचारलं, "मग आधी एवढी रास का घातली होती?"

खाजाभाई उत्तर द्यायला पुढं सरसावला, पण कानिफनाथानं त्याला हातानं मागं सारलं.

"सायेब, तुमच्या घरी आवतनाचा पावना आला, तर तुमी त्याला फाटकी सतरंजी टाकता का?"

 राशीजवळ सांडलेले चार दाणे साहेबांनी उचलून परत राशीवर टाकले आणि भिमाजीकडं वळून म्हणाले, "तुम्ही काय म्हणालात मघाशी? पुन्हा सांगा." भिमाजीनं पलटणीतल्यासारखी टाच जुळवली, अनवाणीच, आणि सगळं सांगितलं. आधी मजुरी आणि बियाणं, मग लेव्ही. साहेबांनी मध्ये एकदाही तोडलं नाही.

जाताना बूट घालता घालता त्यांनी खाजाभाईला विचारलं, "सुप्यापासून नेवाशापर्यंत सगळ्यांना हे एकच वाक्य कुणी शिकवलं?"

"शिकवलं कुनी न्हाई, सायेब," खाजाभाई म्हणाला. "मटन शिजंस्तवर येळ हुता."

पावसाळा आला आणि गेला. दसऱ्याच्या आधी जामखेडहून हुकूम आला आणि कुसळवाडीत दवंडी झाली, की खळ्यावर दिलेली मजुरी आणि ठेवलेलं बियाणं वजा करूनच लेव्ही धरायची. दवंडी देणारा भिमाजीच. "मजुरी" या शब्दाशी आला की तो थांबून पुन्हा सांगायचा. गावाला साऱ्या गल्ल्यांतून तो शब्द दुप्पट ऐकू आला.

कानिफनाथ खाजाभाईच्या दारात येऊन बसला. तंबाखू मळायला घेतली. त्या दिवसापासून दोघं धड बोलले नव्हते.

"सूप उपडं केलंस तवा," तो अखेर म्हणाला, "तुला पुरातनं काढलं ते चुकलंच, असं वाटलं हुतं मला."

"आन आता?"

"आता वाटतं, आनखी जरा येळ पान्यात ठिवाय पायजे हुतं. तवाच शाना झाला असतास, मग सायेब यायच्या आदल्या राती गाव सोडून गेला नसतास."

आतून बिस्मिल्लाबी हसली, ती चहाचे कप घेऊन येईपर्यंत हसतच होती.

पुढच्या फाल्गुनात खळं भरलं. पीक बरं होतं. छबूबाईची रास छोटीशी, पण तिची स्वतःची, वाचवलेल्या बियाण्याची. आता मापायला कानिफनाथ आणि वाटा घ्यायला पहिला खाजाभाई, हे ठरलेलं. खळ्याच्या कडेला मात्र पाथर्डीकडची दोन अनोळखी माणसं येऊन बसली होती. त्यांच्या रानातली चराई सरकारनं बंद केली होती. एकाच्या हातात विड्याचं पान होतं आणि पानावर सुपारी. माप संपेपर्यंत बोलायचं नाही, हे त्यांनाही ठाऊक होतं. ती गुपचूप थांबली.

खाजाभाईनं त्यांच्याकडं बघितलं, आणि मग छबूबाईकडं. ती आपल्या राशीपुढं उभी राहिली होती आणि नजरेनंच दटावत होती, की हलू नका, आधी हे होऊ द्या. त्यानं पटका सारखा केला आणि सूप पुढं धरलं.

"लाभ," कानिफनाथ म्हणाला.